उजव्या कानातली गिटार कुठे गेली? (व्हॅन हेलन १९७८, आणि आवाज नक्की कोणाचा)

एकतारी | सोमवार, रात्री ९:४०

व्हॅन हेलनचा पहिला अल्बम, फेब्रुवारी १९७८. हेडफोन लावा आणि डावा कान मोकळा ठेवून ऐका. गिटार जवळपास गायब. उरतं ते शेजारच्या मोठ्या खोलीतून आल्यासारखं तिचं घुमणं. आता उलट करा, फक्त डावा कान. गिटार कोरडी, अगदी तोंडासमोर, दात विचकून उभी.

गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या ‘ब्राउन साउंड’वर (त्याच्या ऊबदार, फाटलेल्या गिटार-आवाजाचं नाव) जे लिहिलं जातं ते बहुतेक सगळं गिटार, मार्शल ॲम्प आणि व्होल्टेज यांच्याभोवती फिरतं. प्रोड्यूसर टेड टेम्पलमन आणि इंजिनियर डॉन लँडी यांनी हॉलिवूडच्या सनसेट साउंडमध्ये काय ठरवलं, याला मिळतात दोन ओळी. माझं म्हणणं : ज्याला आपण एडीचा आवाज म्हणतो त्यातला निम्मा काचेपलीकडे, म्हणजे कंट्रोल रूममध्ये, तयार झाला.

प्रश्न दोन. हे म्हणणं पटतं का? आणि घरी एक गिटार, एक इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारा डबा) आणि ॲम्पचं प्लगइन (संगणकातला ॲम्प) एवढ्यावर ती डावी-उजवी मांडणी जमवायची तर काय करायचं? सगळीकडे एकच सल्ला मिळतो, ‘दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे’. इथे तर तसं केलेलंच नाही.

सोलापूर_सोलो | सोमवार, रात्री ९:५५

पहिली खुर्ची माझी. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बोटं_सलामत | सोमवार, रात्री १०:१०

निम्मा? काहीही हं. गिटार डावीकडे ठेवली काय, पोटमाळ्यावर ठेवली काय, वाजवणारा एडीच राहतो. पिक किती तिरका लागतो, तळहात ब्रिजवर किती दाबला जातो, तारेला बोट सोडताना किती ओढ दिली जाते, यातलं काहीच टेम्पलमनच्या हातात नव्हतं. तीच गिटार, तोच ॲम्प, तोच माईक दुसऱ्याला द्या आणि ऐका.

तांब्याची_तार | सोमवार, रात्री ११:२०

काचेपलीकडे जाण्याआधी अलीकडचं नीट मांडू, म्हणजे भांडण मुद्द्यावर होईल.

गिटार जोडलेली : स्ट्रॅटच्या आकाराची बॉडी, ब्रिजपाशी गिब्सन ३३५ गिटारमधून काढलेला एक हम्बकर (दोन कॉइलचा पिकअप), एक व्हॉल्यूमचा खटका. बस. तो पिकअप वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवलेला होता. कारण मोठ्या आवाजात कॉइलचे सैल वेढे स्वतःच थरथरतात आणि पिकअप माईकसारखा शिट्टी मारायला लागतो. मेण ते वेढे जखडून ठेवतं. (घरी करणाऱ्यांसाठी : मेण थेट आचेवर नाही, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचं, आणि साधारण ६५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. प्लॅस्टिकचा बॉबिन वाकला की पिकअप गेला.)

ॲम्प मार्शल सुपर लीड, १०० वॉट. याला मास्टर व्हॉल्यूम नाही. म्हणजे आवाज फाटायला हवा तर सगळे खटके शेवटपर्यंत आणि पॉवर व्हॉल्व्हवर ताण, दुसरा रस्ता नाही. एडीने त्यात व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) लावून मुख्य पुरवठा ९० व्होल्टच्या आसपास उतरवला. मुलाखतींत मात्र व्होल्टेज वर चढवतो म्हणून सांगितलं आणि कित्येकांचे ॲम्प त्यापायी धुरात गेले.

भारतात कोणी हा प्रयोग करायला निघण्याआधी : १२० चे ९० म्हणजे पाऊणपट. आपल्या २३० चे साधारण १७२. यात प्लेटचं व्होल्टेज उतरतं, त्यामुळे आवाज लवकर आणि मऊ फाटतो, हे हवंच आहे. पण त्याच प्रमाणात व्हॉल्व्ह तापवणारं फिलामेंटही ६.३ व्होल्टवरून ४.७ वर येतं. व्हॉल्व्ह अर्धवट तापलेले राहतात आणि लवकर थकतात, शिवाय बायसही (व्हॉल्व्हचा ठरवून दिलेला स्थिर प्रवाह) हलतो. आणि व्हेरिॲक हा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नाही, म्हणजे मुख्य पुरवठ्यापासून तो तुम्हाला वेगळं ठेवत नाही. आत ४००-५०० व्होल्टचे कपॅसिटर बंद केल्यावरही भरलेले असतात. ज्याला ते रिकामे करता येत नाहीत त्याने झाकण उघडू नये.

कोथरूडचा_कर्णा | सोमवार, रात्री ११:३१

१०० वॉटचा मार्शल, सगळे खटके दहावर, टू बीएचके. सोसायटीच्या ग्रुपवर आधी ‘कोणाकडे ड्रिलिंग चालू आहे?’ आणि मग थेट सेक्रेटरी दारात.

तांब्याची_तार | सोमवार, रात्री ११:४४

कर्णा, त्यासाठी लोडबॉक्स असतो, स्पीकरच्या जागी ॲम्पची ताकद शोषून घेणारा डबा. पण दोन गोष्टी पाहूनच. ॲम्पचा सिलेक्टर ८ ओमवर असेल तर लोडही ८ ओमचाच. आणि १०० वॉटचा ॲम्प पूर्ण फाटलेला असताना दीडशेच्या वर जाऊ शकतो, म्हणून लोड किमान २०० वॉट सोसणारा. स्पीकर काढून, लोड न लावता व्हॉल्व्ह ॲम्प वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. ‘दोन मिनिटंच तर वाजवतोय’ हे त्याला समजत नाही.

मंद्रा | मंगळवार, सकाळी ७:५०

एकतारी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. पहिल्यावर पुरुषमंडळी भांडतीलच.

गिटार इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला, म्हणजे जिथे सुमारे १ मेगाओमचा इनपुट असतो तिथे लावा. लाइन इनपुटचा साधारण १० किलोओमचा भार पिकअपवर पडला की वरचे सूर मरतात आणि मग लोक प्लगइनला दोष देतात. सर्वात जोरकस कॉर्डला मीटर -१२ च्या आसपास. ट्रॅक मोनो करा, स्टिरिओ नाही. फेजर (आवाजाला झोका देणारा इफेक्ट) वापरायचा तर ॲम्पच्या आधी, गती अगदी कमी, घड्याळात नऊच्या काट्यावर. ॲम्पनंतर ठेवलात तर फाटलेल्या आवाजावर सगळा झोका बसतो आणि विमान उतरल्यासारखं वाटतं. गेन (आवाज किती फाटतो ते) जेवढा वाटतो त्याच्या दोन तृतीयांश ठेवा. त्या रेकॉर्डवर कॉर्डमधला प्रत्येक सूर सुटा ऐकू येतो, हे विसरू नका.

आता गिटार ८० ते १०० टक्के डावीकडे. मग वेगळी ऑक्स वाहिनी (मूळ ट्रॅकचा आवाज उसना घेणारी), तिच्यावर रिव्हर्ब (घुमणं तयार करणारा इफेक्ट), पूर्ण ओला (मूळ आवाज नाही, फक्त घुमणं), आणि ती ऑक्स पूर्ण उजवीकडे. इथेच बहुतेकांचं फसतं. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सेंड (ट्रॅकमधून ऑक्सकडे जाणारा सिग्नल) मूळ ट्रॅकच्या पॅनच्या (डाव्या-उजव्या जागेच्या) मागे मागे जातो. गिटार डावीकडे नेली की रिव्हर्बच्याही डाव्या इनपुटलाच सिग्नल जातो, आणि खरा स्टिरिओ रिव्हर्ब असेल तर त्याचं उत्तरही डावीकडेच जास्त येतं. उपाय : सेंडचं पॅन मूळ पॅनपासून तोडा आणि रिव्हर्ब मोनो निवडा. सेंड फेडरनंतरचा (ट्रॅकची पातळी ठरवणाऱ्या पट्टीनंतरचा) ठेवा, म्हणजे गिटार कमी केली की घुमणंही त्याच मापात उतरेल.

सुरुवातीचे आकडे : प्री-डिले (घुमणं सुरू होण्याआधीचा उशीर) २० ते ३० मिलिसेकंद, शेपूट दीड-दोन सेकंद, रिव्हर्बला २५० हर्ट्झखाली आणि ५ किलोहर्ट्झच्या वर कात्री. उजव्या कानात स्पष्ट कळेल इतका वाढवा, मग २-३ डेसिबल खाली आणा.

फेज_उलटी | मंगळवार, सकाळी ९:१५

मंद्राताईंचा प्रतिसाद प्रिंट काढून भिंतीला लावावा असा आहे. एक भर घालतो. मोबाइलच्या एका स्पीकरवर, म्हणजे मोनोत, काय होतं ते आधीच बघा. पॅन लॉ (मध्यभागी ठेवलेला आवाज किती कमी करायचा याचा नियम) -३ डेसिबलचा असेल तर मधला गायक दोन्ही बाजूंनी येऊन मोनोत ३ डेसिबल चढतो. पूर्ण डावीकडची गिटार आहे तिथेच राहते. म्हणजे गायकाच्या तुलनेत गिटार ३ डेसिबल मागे पडली. उजवीकडचं घुमणं मिसळून थोडी भरपाई होते, पण पूर्ण नाही. म्हणून आधी मोनोत गिटारची पातळी ठरवावी, मग स्टिरिओत जावं.

बोटं_सलामत | मंगळवार, सकाळी १०:०२

हे सगळं ठीक. पण हे सजावटीचं शास्त्र झालं, आवाजाचं नाही.

फेज_उलटी | मंगळवार, सकाळी १०:४०

सजावट? घ्या मग. एका स्पीकरसमोर एसएम५७ माईक ठेवा. डस्ट कॅपच्या मध्यावर रोखला तर आवाज काच फुटल्यासारखा, कडेकडे दोन-तीन सेंटिमीटर सरकवला तर जाड आणि दबका. तेच बोट, तोच ॲम्प. जाळीला नाक लावून ठेवला तर जवळिकीमुळे बास फुगतो. १५ सेंटिमीटर मागे घेतला तर बास उतरतो आणि खोली आत शिरते. ॲम्पवर तेवढा फरक पाडायचा तर तीन खटके फिरवावे लागतील, आणि तरी तो सारखा येणार नाही.

दुसरा माईक लावला की गंमत वाढते. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दुसरा माईक पहिल्याच्या १७ सेंटिमीटर मागे असेल तर अर्ध्या मिलिसेकंदाचा उशीर, म्हणजे दोन्ही सारखे मिसळल्यावर १ किलोहर्ट्झला खड्डा, पुढे ३ ला, ५ ला. १ ते ३ म्हणजे रॉक गिटारचा जीवच की. आवाज पोकळ, जणू पाइपातून आलेला. मग लोक इक्वलायझरने १ किलोहर्ट्झ वाढवत बसतात. तिथे काही उरलेलंच नसतं तर वाढणार काय?

इलाज सोपा आहे. दुसऱ्या माईकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे बाजू) उलटी करा. ॲम्पवर कोणाला तरी एकच कॉर्ड वाजवत ठेवा आणि माईक एकेक सेंटिमीटर हलवत आवाज जास्तीत जास्त किडका, केविलवाणा होईल ती जागा शोधा. तिथे माईक पक्का करून पोलॅरिटी पुन्हा सरळ. तीच सगळ्यात भरीव जागा.

चार_बाय_बारा | मंगळवार, दुपारी १:२५

आणि जाळीच्या कापडामागे स्पीकरचा मध्य दिसत नसेल तर मोबाइलचा टॉर्च तिरका मारायचा. कॅबिनेटमधले चारही स्पीकर सारखे नसतात, चारही ऐकून एक निवडायचा. १९७८ च्या आवाजासाठी रॉयर १२१ घ्या असं सांगणाऱ्यांना फक्त एवढंच विचारा की तो माईक बाजारात कधी आला. नव्वदचं दशक संपत आल्यावर.

सोलापूर_सोलो | मंगळवार, दुपारी १:३०

खिक्. टाइम मशीन ऑक्सवर टाका, पूर्ण ओलं.

जुनी_फीत | मंगळवार, रात्री ८:०५

बोटं_सलामत यांच्या पहिल्या प्रतिसादातली ‘तोच ॲम्प’ ही अट मोडणारी दोन उदाहरणं.

लेड झेपेलिनचा चौथा अल्बम, १९७१. ‘ब्लॅक डॉग’च्या ऱ्हिदम गिटारना ॲम्पच नाही. जिमी पेजची लेस पॉल गिटार डीआय बॉक्समधून (गिटार ॲम्पशिवाय मिक्सरला जोडणारा डबा) सरळ मिक्सरच्या माईक प्रीॲम्पमध्ये, तो प्रीॲम्प फाटेपर्यंत वाढवलेला, पुढे एकामागोमाग एक दोन ११७६ कम्प्रेसर (आवाजाचे चढ-उतार दाबणारे). इंजिनियर अँडी जॉन्स. आणि असे तीन ट्रॅक : डावा, उजवा, मध्ये. त्याआधी १९६८ मध्ये बीटल्सच्या ‘रेव्होल्यूशन’मध्ये ईएमआय स्टुडिओत हेच, दोन माईक प्रीॲम्प एकामागे एक जोडून. मिक्सर खराब होईल इतका.

स्पीकर म्हणजे खरं तर गाळणी. बारा इंची गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने खाली येतो. ती गाळणी काढली की फाटलेल्या आवाजातली वरची सगळी चरचर उघडी पडते. इतर कोणत्याही गाण्यात ती चूक ठरते, इथे ओळख झाली. हा निर्णय बोटांचा नाही.

बोटं_सलामत | मंगळवार, रात्री ८:५०

मान्य, पण तुमच्याच गल्लीतलं उलटं उदाहरण देतो. लंडन, १९६६, डेक्काचा स्टुडिओ, जॉन मायॉलच्या ब्लूजब्रेकर्सचं रेकॉर्डिंग. इंजिनियर गस डजन, प्रोड्यूसर माइक व्हर्नन. तोवरची रीत अशी की ॲम्प हळू, माईक जवळ. एरिक क्लॅप्टनने मार्शल कॉम्बो पूर्ण आवाजातच वाजणार म्हणून हट्ट धरला आणि माईक लांब न्यायला लावला. लेस पॉल आणि फाटलेला मार्शल हा पुढच्या कैक वर्षांचा रॉक आवाज त्या हट्टातून आला. काचेपलीकडच्यांचं चाललं असतं तर तो झालाच नसता.

मंद्रा | मंगळवार, रात्री ९:२०

म्हणजे माईक कुठे ठेवायचा याने आवाज ठरला, हे तुम्हीच सिद्ध केलंत की. :)

बोटं_सलामत | मंगळवार, रात्री ९:२२

...

खर्ज_पंचम | मंगळवार, रात्री १०:३०

दोनदा वाजवण्याच्या सल्ल्याबद्दल. तो सल्ला वाईट नाही, हेतू वेगळा आहे. १९९१ मध्ये निर्वाणा बँडच्या ‘नेव्हरमाइंड’साठी प्रोड्यूसर बुच विगने कर्ट कोबेनला गिटार आणि गायन एकावर एक रेकॉर्ड करायला लावलं, कोबेनला ते फसवणूक वाटायचं. भिंत तयार झाली. त्याच बँडच्या १९९३ च्या ‘इन यूटेरो’ला इंजिनियर स्टीव्ह अल्बिनी आले, मिनेसोटातला पॅकिडर्म स्टुडिओ, खोलीत माईक, बँड बराचसा एकत्र. तोच माणूस, त्याच बोटांनी, दोन वर्षांत दोन वेगळे गिटारवादक. आणि त्यातलीही काही गाणी पुढे स्कॉट लिटकडे नव्याने मिक्स करायला गेलीच.

मात्र दुसऱ्यांदा वाजवायचं म्हणजे खरंच वाजवायचं. एकच टेक कॉपी करून डावी-उजवी ठेवली तर तो मोनोच राहतो, फक्त जोरात. कॉपी १०-१५ मिलिसेकंद सरकवली तर हेडफोनवर रुंद वाटते, पण आवाज आधी येणाऱ्या बाजूला झुकतो, आणि मोनोत मिसळलं की वर फेज_उलटींनी सांगितलेले खड्डे, ठिकठिकाणी. दोन खऱ्या टेकमध्ये वेळ आणि सूर सतत किंचित हलतात, त्यामुळे खड्डा एका जागी बसत नाही. गेन प्रत्येक टेकला कमी ठेवा; चार ट्रॅकची चरचर बेरीज होऊन येते.

चार_बाय_बारा | मंगळवार, रात्री ११:१०

अवांतर : प्रोड्यूसरचा ‘आवाज’ असतो असंही कोणी म्हणू नये. मट लँगने १९८० मध्ये एसी/डीसीचा ‘बॅक इन ब्लॅक’ बहामात केला. कोरडा, गेन कमी, गिटार वाजवणाऱ्या यंग भावांपैकी एक एका बाजूला, दुसरा दुसऱ्या. त्याच लँगने १९८७ मध्ये डेफ लेपर्डच्या ‘हिस्टेरिया’साठी मार्शल बाजूला ठेवून टॉम शोल्झचा रॉकमन वापरला, ॲम्पऐवजीचा वॉकमनएवढा डबा, आणि कॉर्डचे सूर सुटे सुटे रेकॉर्ड करून जोडले. एकटी ऐकली तर ती गिटार कागदी वाटते. पण दहा थरांच्या गायनाखाली आणि कीबोर्डशेजारी जाडजूड मार्शल ठेवायला जागा कुठे होती? मिक्समध्ये किती जागा आहे त्यावर गिटार ठरते.

तांब्याची_तार | बुधवार, सकाळी ८:१५

याच मुद्द्यावरून व्हॅन हेलनकडे परत. एकच गिटारवादक, एक बास, ड्रम्स. कीबोर्ड नाही, दुसरी गिटार नाही. मिक्समध्ये जागाच जागा, म्हणून जाड गिटार परवडते. तीन-चार आठवड्यांत काम संपलं, बहुतेक बँड एकत्र वाजवून. वरून भरलेले ट्रॅक थोडेच. ‘इरप्शन’ तर १ मिनिट ४२ सेकंद, गिटार जवळपास एकटी. तिच्या शेवटी जे घुमत खाली जातं तो टेप एको (टेपवरून प्रतिध्वनी देणारं यंत्र), आणि तो एडीने निकामी बॉम्बच्या कवचात बसवलेला होता. ते मात्र टेम्पलमनचं नाही, हे कबूल.

आणि मंद्राताई, एक दुरुस्ती नाही तर पुरवणी : कोणी मूळ गिटारला ८० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारी गाळणी) लावेल म्हणून सांगतो. त्या रेकॉर्डवर गिटार साधारण अर्धा सूर उतरवलेली आहे. जाड तार ८२.४ ऐवजी ७८ हर्ट्झच्या आसपास. कात्री ६५-७० वर ठेवा, किंवा उतार सौम्य ठेवा, नाहीतर तळहात दाबून वाजवलेला ठोका फुसका होतो.

मंद्रा | बुधवार, सकाळी ९:०५

बरोबर. मी फक्त रिव्हर्बचे आकडे दिले होते, हे राहिलंच होतं.

जुनी_फीत | बुधवार, दुपारी २:४०

एकतारी, तुमच्या पहिल्या प्रश्नाला एक वेगळीच बाजू आहे. ती डावी-उजवी मांडणी एडीलाच पटत नव्हती. नंतरच्या मुलाखतींत तो याबद्दल कुरकुर करायचा : गाडीचा एक स्पीकर गेला की गिटार गेली. पुढे १९८३ मध्ये त्याने घराच्या आवारात ५१५० स्टुडिओ बांधला. तोही कोणाबरोबर? डॉन लँडीबरोबर. म्हणजे तक्रार माणसाबद्दल नव्हती, पॅनच्या खटक्याबद्दल होती.

बोटं_सलामत | बुधवार, दुपारी ३:००

बघा! कलाकारालाच नको होतं.

खर्ज_पंचम | बुधवार, दुपारी ३:२०

आणि तरी सगळे ज्या आवाजामागे धावतात तो त्याच रेकॉर्डवरचा आहे, ५१५० मधला नाही. निम्मा म्हणणं जास्त होईल, पण एकतारीचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही.

कोथरूडचा_कर्णा | बुधवार, दुपारी ३:२६

माझा डावा इअरफोन दिवाळीपासून बंद आहे. म्हणजे आजवर मी व्हॅन हेलनचं फक्त घुमणं ऐकत होतो तर.

एकतारी | बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार, आणि बोटं_सलामत यांचेही. मंद्राताईंच्या पद्धतीने मांडून बघितलं. सेंडचं पॅन खरंच मागे येत होतं. तोडल्यावर उजवीकडे जीव आला. पण आता वेगळी अडचण : गाणं सुरू असताना ठीक, गिटार थांबली की सगळं उजवीकडे कललेलं वाटतं. ड्रम्स प्लगइनमधले आहेत.

मंद्रा | बुधवार, रात्री १०:५०

हायहॅट उजवीकडे आहे का? काही प्लगइन ड्रम्स प्रेक्षकांच्या बाजूने मांडलेले असतात, मग हायहॅट उजवीकडे पडतो. गिटार थांबली की उजवीकडे हायहॅट आणि रिव्हर्बची शेपूट एवढंच उरतं, डावीकडे कोणी नाही. आधी शेपूट १.२ सेकंदांवर आणा. मग हायहॅट ३० टक्क्यांच्या आत घ्या, ओव्हरहेड (ड्रम्सच्या वरचे माईक) जसे आहेत तसे राहू द्या. बास आणि किक मध्यभागीच हवेत, एक-दोन टक्केही हलवू नका. एवढं करून थांबा आणि उद्या ताज्या कानांनी ऐका. आज आणखी काही फिरवू नका.

एकतारी | गुरुवार, सकाळी ७:३०

हायहॅट ६५ टक्के उजवीकडे होता. २५ वर आणला. बसलं.